नंबर दिसलाच पाहिजे: नंबरप्लेट झाकणाऱ्या वस्तू, कायदा आणि आपली प्लेट नियमात ठेवण्याची रीत

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ३९ मध्ये नंबरप्लेटच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे. गाडीची नोंदणी झालेली असणं पुरेसं नाही. नोंदणी क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने गाडीवर दिसायला हवा, असं ते कलम सांगतं. तसा दिसत नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि मालकाला ती दुसऱ्याच्या हातातही देता येत नाही. म्हणजे पोराने प्लेट वाकवून गाडी फिरवली आणि ती वडिलांच्या नावावर असली, तर ‘मला काय माहीत’ म्हणून वडिलांना सहजासहजी सुटता येत नाही.

शिक्षा कलम १९२ मध्ये आहे. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कलम २०७ खाली पोलिसांना गाडी अडकवून ठेवता येते, कारण त्या कलमातही ३९ चा उल्लेख आहे. अक्षरांचा आकार चुकला, प्लेटवर चित्र काढलं अशा किरकोळ प्रकारांत बहुतेकदा कलम १७७ लावतात: पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर दर वेळी १,५००. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे पावतीवरचा आकडा राज्यागणिक वेगळा दिसू शकतो.

इथवरचा मामला दंडाचा. ३ ला काळी पट्टी लावून ८ केला, दुसऱ्याच्या गाडीचा नंबर रंगवून घेतला, की तो फौजदारीचा होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आणि बनावटीकरणाचं ३३६. दोन इंचांच्या चिकटपट्टीसाठी ही कलमं अंगावर घेणारे लोक आहेत, हे नवलच.

कशाकशाने नंबर झाकला जातो

बाजारात मुद्दाम झाकण्यासाठीच्या वस्तू मिळतात. रिमोटचं बटण दाबलं की उलटी होणारी किंवा पडदा ओढून घेणारी चौकट, समोरून वाचता येणारी पण तिरक्या कोनातून काळी दिसणारी फिल्म, धुरकट अॅक्रिलिकचं कव्हर, ‘कॅमेऱ्यात नंबर येत नाही’ म्हणून विकला जाणारा चकाकीचा स्प्रे. स्प्रेचं विशेष हसू येतं. प्लेटचा पृष्ठभाग मुळातच प्रकाश परत फेकणारा असतो आणि नंबर वाचणारे बरेच कॅमेरे अवरक्त प्रकाशात पाहतात; वरून वार्निश मारून त्यांना काही फरक पडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मात्र तपासणीत सापडला तर हेतू मात्र आयता सिद्ध होतो. फिरत्या चौकटीचं तर विचारूच नका. ‘सजावटीसाठी लावली’ असं सांगायला तोंड कुठून आणणार?

पण रस्त्यावर सापडणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर असलं काही नसतं. तिथे प्लेट नकळत झाकलेली असते, किंवा ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून. मोटरसायकलचं मागचं मडगार्ड कापून प्लेट सीटखाली आभाळाकडे तोंड करून बसवलेली. पुढे बसवलेल्या लोखंडी बुलगार्डचा आडवा पाइप बरोबर नंबरावरून गेलेला (तसा बुलगार्ड मुळातच चालत नाही, कलम ५२ खाली तो बेकायदा बदल आहे, असं केंद्राने २०१७ मध्ये राज्यांना कळवलं होतं). मागच्या दाराला लावलेला सायकल कॅरियर. टो हुक. लिंबू-मिरचीचा दोरा. दसऱ्याला घातलेला आणि कोजागिरीपर्यंत तसाच राहिलेला झेंडूचा हार. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल. कलम ३९ मध्ये ‘मुद्दाम’ असा शब्द नाही. नंबर दिसतो की नाही, एवढंच पाहिलं जातं.

पारदर्शक कव्हरबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ते अनेक जण भल्या हेतूने लावतात. नवी कोरी प्लेट आहे, ओरखडे नकोत म्हणून अॅक्सेसरीच्या दुकानात स्वच्छ अॅक्रिलिकचं कव्हर बसवून घेतात. पहिले दोन-तीन महिने छान दिसतं. मग उन्हाने कडा पिवळ्या पडतात. पावसाळ्यात प्लेट आणि कव्हर यांच्या फटीत पाणी शिरतं, इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापाने त्याची वाफ होते आणि आतून दव धरतं. त्यावर धूळ बसते, ती पुसता येत नाही. रात्री मागच्या गाडीचा दिवा पडला की प्लेटऐवजी कव्हरच चमकतं आणि आतले आकडे विरघळून जातात. शिवाय कव्हर बसवताना दुकानदार प्लेटला चार भोकं पाडतो आणि चौकटीच्या काठाखाली डावीकडचं चमकतं अशोकचक्र (होलोग्राम) नाहीतर लेझरने कोरलेला क्रमांक झाकून टाकतो. म्हणजे जपण्याच्या नादात प्लेट बाद. कव्हर लावलेलं असेल तर काढून टाका. उघडी प्लेट पाऊस-ऊन सोसण्यासाठीच बनवलेली असते.

नियमातली प्लेट कशी ओळखायची

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले नियम ५० आणि ५१ इथे कामाचे. नियम ५० मध्ये प्लेट कशी असावी ते आहे, ५१ मध्ये अक्षरांची मापं. २००१ च्या दुरुस्तीने हाय सिक्युरिटी प्लेट, म्हणजे एचएसआरपी, नियमात आली. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना ती कंपनीकडून, डीलरमार्फतच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मोहीम निघाली आणि २०२५ मध्ये तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली.

स्टीलची पट्टी आणि पुसायचं फडकं घ्या, गाडीसमोर उकिडवे बसा.

प्लेट एक मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची, कोपरे गोलसर, कडेला उठावाची किनार. वर डाव्या कोपऱ्यात निळसर चमकणारं अशोकचक्र, २० बाय २० मिमी. हे नखाने खरवडून निघत नाही, निघालं तर स्टिकर आहे आणि प्लेट नकली. त्याखाली निळ्या रंगात रोमन लिपीतली ‘इंड’ ही अक्षरं. डावीकडे खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक, जो उजेडात तिरकं पाहिल्यावर नीट वाचता येतो. काळ्या आकड्यांवर बोट फिरवा: ते वर उचललेले लागतात, आणि जवळून पाहिलं तर त्यांवर ४५ अंशात ‘इंडिया’ असं बारीक छापलेलं दिसतं. रंगाऱ्याने काढलेल्या किंवा स्टिकर लावलेल्या प्लेटवर हे जमत नाही.

मापं अशी. दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिमी. पुढे तीच किंवा २८५ बाय ४५ ची लांबट पट्टी. कारला ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००. ट्रक-बसला ३४० बाय २००. आकड्यांची उंची कारला आणि मोठ्या गाड्यांना ६५ मिमी, रेघेची जाडी १० आणि दोन आकड्यांमधली जागा १०. मोटरसायकलला मागे अक्षरं ३५ मिमी आणि आकडे ४० मिमी उंच, जाडी ७, अंतर ५. पुढे दोन्ही ३० मिमी, जाडी ५, अंतर ५. ही जागा दाबून आकडे एकमेकांना चिकटवले की नंबर वाचणारं सॉफ्टवेअर दोन आकड्यांचा एक करून टाकतं. म्हणून हे अंतर वाटतं तेवढं किरकोळ नाही.

अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे, असं नियमात स्पष्ट आहे. देवनागरी आकड्यांची प्लेट कितीही देखणी आणि अभिमानाची वाटली तरी ती चालत नाही. ४१४१ चं ‘दादा’, २१४ चं ‘राम’, ८०५५ चं ‘बॉस’ करणारी कलाकारी तर मुळीच नाही. आकडा कायदेशीर, तो पिळून अक्षरासारखा काढणं बेकायदा. प्लेटवर गावाचं नाव, पक्षाचं चिन्ह, वाघ, ‘पोलीस’, ‘प्रेस’, काहीही नको.

रंगांचं थोडक्यात: खासगी गाडी पांढऱ्यावर काळं, भाड्याची पिवळ्यावर काळं, स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी काळ्यावर पिवळं, खासगी विजेची हिरव्यावर पांढरं, भाड्याची विजेची हिरव्यावर पिवळं. तात्पुरत्या नोंदणीची पिवळ्यावर लाल, डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर फिरणारी लालवर पांढरं. नव्या गाडीच्या काचेला कागदावर नंबर लिहून चिकटवायचे दिवस गेले.

चारचाकीला तिसरी ‘प्लेट’ असते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती म्हणजे पुढच्या काचेच्या आतून डावीकडे वर लावलेला १०० बाय ६० मिमीचा स्टिकर: डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, बाकींना करडा. त्यावर नोंदणी क्रमांकासोबत पुढच्या-मागच्या दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक छापलेले असतात. काढायला गेलं की तो फाटतो, तसाच बनवलेला असतो. काच बदलली तर तो नव्याने घ्यावा लागतो, आणि काच बदलणारा ते आठवणीने सांगेलच असं नाही. जुनी गाडी विकत घेताना या तिन्ही ठिकाणचे क्रमांक आणि आरसीवरचा चासी नंबर आधी जुळवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

जुन्या गाडीला एचएसआरपी बसवताना

सुरुवात परिवहन विभागाच्या transport.maharashtra.gov.in या सरकारी स्थळावरूनच करा, पत्ता स्वतः टाइप करून. शोधयंत्रात ‘एचएसआरपी बुकिंग’ टाकलं की हुबेहूब दिसणारी बनावट पानंही वर येतात आणि पैसे घेऊन गप्प बसतात. सरकारी स्थळावरून आपल्या आरटीओ कार्यालयानुसार नेमलेल्या एजन्सीच्या पानावर जाता येतं.

गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे, मोबाइल नंबर एवढं लागतं. आरसी समोर ठेवूनच भरा. शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत इथे फार होते. मग केंद्र, दिवस, वेळ निवडायची आणि ऑनलाइन पैसे भरायचे. महाराष्ट्रात दर ठरवला तो दुचाकी व ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकी व इतरांना ७४५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे अनुक्रमे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे. स्नॅप लॉक, म्हणजे प्लेट गाडीला पक्की करणारे रिव्हेट, यातच धरलेले आहेत. केंद्रावर ‘बसवणावळ’ म्हणून वेगळे मागितले तर पावती मागा; बहुधा मागणी तिथेच विरते.

‘माहिती जुळत नाही’ असा संदेश वारंवार येत असेल तर चूक तुमच्या टायपिंगचीच असते असं नाही. फार जुन्या गाड्यांची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत नीट चढलेली नसते: चासीचा एखादा आकडा चुकलेला, इंधनाचा रकाना रिकामा. यावर उपाय आरटीओ कार्यालयातच, आरसीची प्रत देऊन नोंद दुरुस्त किंवा बॅकलॉग एंट्री (जुनी राहिलेली नोंद चढवणं) करून घेणं. ती झाल्याशिवाय दहा वेळा बुकिंग करून उपयोग नाही. एचएसआरपी नसेल तर मालकी हस्तांतरण, पत्ता बदल, कर्जाचा बोजा चढवणं-उतरवणं ही कामंही अडतात, म्हणून गाडी विकायची असेल तर हे आधी उरका.

बसवताना उभं राहून पाहायच्या गोष्टी: प्लेट गाडीवर चढण्याआधी तिच्यावरचा नंबर वाचा. चुकीचा आकडा छापून येतो, आणि स्नॅप लॉक ठोकल्यावर ते कळलं तर प्लेट तोडूनच काढावी लागते. मागच्या प्लेटला निदान दोन स्नॅप लॉक हवेत. साधे स्क्रू लावून ‘नंतर या’ म्हणाले तर नको म्हणा. प्लेट उभी, मागून सरळ वाचता येईल अशी. दुचाकीला जुना वाकडा ब्रॅकेट असेल तर घरून निघण्यापूर्वी तो गॅरेजमध्ये सरळ करून घ्या, केंद्रावर ते काम होत नाही.

बसवल्यानंतर काय बिघडतं

स्नॅप लॉक हा एकदा बसला की तुटूनच निघणारा रिव्हेट. सगळा भरवसा त्याच्यावर, आणि नेमका तोच गॅरेजमध्ये जातो. बंपर रंगवायचा असतो. मेकॅनिक ड्रिलने लॉकचं डोकं उडवतो, प्लेट बाजूला ठेवतो, काम झालं की चार आण्याचे स्टार स्क्रू पिळून परत बसवतो. बाहेरून काही कळत नाही. पण आता ती प्लेट कोणीही दोन मिनिटांत काढून दुसऱ्या गाडीला लावू शकतो. बंपरचं काम देतानाच सांगून ठेवा, आणि गाडी परत घेताना मागे वाकून लॉक पाहा. गोल गुळगुळीत डोकं म्हणजे लॉक, खाच म्हणजे स्क्रू. स्क्रू दिसला तर डीलरकडून किंवा प्लेटच्या एजन्सीकडून नवे लॉक लावून घ्या.

प्लेट चेपली तर मागे सपाट लाकडी ठोकळा धरून हाताच्या तळव्याने हळू दाबा. समोरून हातोडी मारली की आकड्यांवरची काळी फिल्म तडकते. ती उडालीच, तर वरून मार्कर किंवा ऑइलपेंट फिरवू नका. रंगवलेला आकडा दिवसा वाचता येतो, तपासणीत मात्र प्लेटशी छेडछाड म्हणून मोजला जातो. अशी प्लेट बदलून घ्यायची. चोरीला गेली असेल तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत जोडून मग नवी मागणी; तक्रारीशिवाय नवी घेतली आणि जुनी कुठल्या भलत्या गाडीवर सापडली, तर खुलासा देताना तुमच्या हातात कागद नसतो.

धुताना शाम्पूचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. थिनर, पेट्रोल, तारेचा ब्रश, पॉलिशचं रबिंग यांनी परावर्तक थर मरतो. वॉशिंग सेंटरचा फवारा प्लेटच्या कडेवर अगदी जवळून रोखून धरू देऊ नका, फिल्म तिथूनच उचलते.

मागच्या प्लेटवरचा दिवा लोक विसरतात. तो पांढराच हवा आणि रात्री मागून पंधरा मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. बऱ्याच कारमध्ये तिथे १२ व्होल्ट, ५ वॉटचा बिनटोपीचा बल्ब असतो. काच चिमटीने काढून हाताने ओढला की निघतो. नवा बल्ब लावूनही पेटत नसेल तर होल्डरच्या पत्र्या गंजल्या आहेत का पाहा, बारीक सँडपेपरने घासा. एलईडी लावला आणि पेटला नाही, तर काढून उलटा लावा. त्याला उजवं-डावं असतं. निळा, लाल, चमकता दिवा नको.

सगळं झाल्यावर एक चाचणी. अंधारात गाडी उभी करा, पंधरा मोठी पावलं मागे जा, बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून प्लेटवर टाका. चांगली प्लेट एकदम उजळते आणि आकडे काळे कुळकुळीत उठून दिसतात. एखादा भाग मळकट राहिला तर तिथे धूळ आहे नाहीतर थर गेलाय. मग दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकून पुन्हा पाहा. कॅरियर, हुक, पाइप काय आड येतं ते इथे कळतं. सायकल न्यायची असेल तर ती टपावर टाका. कॅरियरला पुठ्ठ्यावर नंबर लिहून बांधणं नियमात कुठेच नाही.

तुमचा नंबर दुसऱ्याच्या गाडीवर फिरत असेल तर

गाडी साताऱ्यात घरासमोर उभी आणि चलान वसईचं, असं झालं तर घाबरून पैसे भरून टाकू नका. भरलं म्हणजे कबूल केलं. लोकअदालतीत सवलत मिळते म्हणून भरणंही तितकंच चुकीचं.

आधी चलानावरचा फोटो मोठा करून नीट पाहा. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यात गाडीचा फोटो, दिवस, वेळ, जागा द्यावी लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७-अ नुसार सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायची असते. फोटोत मॉडेल, रंग, अलॉय की साधी चाकं, टपावरचे रेल, मागच्या काचेवरचे स्टिकर, प्लेटचा डावा कोपरा पाहा: बहुतेक नकली प्लेटांना चक्रच नसतं. कधीकधी गाडी पूर्ण वेगळी असते, म्हणजे सॉफ्टवेअरने एखादा आकडा चुकीचा वाचलेला असतो. ते प्रकरण लवकर सुटतं.

नंतर त्या तासाला आपली गाडी कुठे होती याचे पुरावे गोळा करा. फास्टॅगची यादी, सोसायटीच्या गेटची नोंद, ऑफिसच्या पार्किंगची पावती, सीसीटीव्ही. सीसीटीव्हीची घाई करा, अनेक ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. स्वतःच्या गाडीचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लेझर क्रमांक आणि काचेवरचा स्टिकर जवळून, वाचता येईल असा.

हे सगळं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान स्थळावर किंवा महाट्रॅफिक अॅपवर तक्रार म्हणून चढवा. तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या नंबराने उद्या कोणी अपघात करून पळाला तर पहिला फोन तुम्हालाच येणार, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार गाडी कोण चालवत होतं हे सांगण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, हे शांतपणे सांगा. तरीही नोंद नाही झाली तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. शहरात पोलीस उपायुक्तांना. पोचेची एक झेरॉक्स गाडीच्या कप्प्यात आरसीसोबत ठेवा, नाक्यावर अडवलं तर तीच दाखवायची.